गळतीचा शोध

आमचे आजोळ नळदुर्गजवळच्या एका लहानशा खेड्यात होते. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेला तेथील पाणीमहाल तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतो, त्याचे नाव त्या काळी उस्मानाबाद जिल्हा असे होते. ही हकीकत १९९६ सालच्या दिवाळीच्या सुटीतील आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

आमचे मामा त्या खेड्यात डॉक्टर होते. त्यांच्याजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार होती. इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून या मोटारी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत. ज्या प्रीमियर कंपनीचा हा कारखाना होता, ती कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली. आणि वालचंद जन्माने सोलापूरचे. म्हणून मामा कौतुकाने म्हणत, "ही आपल्याच मुलखातली गाडी आहे." पुढे या मोटारींचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून निघाल्या. पण आमच्या आजोळी तेव्हा ती एकच मोटार होती आणि रात्री-अपरात्री सगळ्या गावाचा तिच्यावर भरवसा होता. कोणी अत्यवस्थ झाले, तर त्याला घेऊन सोलापूरच्या रुग्णालयात जायचे ते तिच्यातूनच.

त्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री दोनच्या सुमारास दारावर थाप पडली. एक बाई बाळंतपणात अडली होती. मामांनी घाईघाईने अंगात कोट चढवला, गाडीत बसून किल्ली फिरवली. पण इंजिनाने नुसतेच एकदा कण्हल्यासारखे केले आणि पुढे 'टक्, टक्' एवढाच आवाज येऊ लागला. बॅटरी उतरली होती! शेजारची चार माणसे धावत आली. त्यांनी उतारावरून गाडी ढकलली, तेव्हा कोठे इंजिन सुरू झाले. बाई वेळेवर सोलापूरला पोहोचली आणि सुखरूप बाळंत झाली. परंतु ती घटका मोठी कठीण गेली.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर मामांनी मला हाक मारली. "काय रे, तू दुपारचा गाडीत जाऊन बसतोस. आतला दिवा चालू ठेवला होतास ना?"

मी गाडीत बसत असे, हे खरे. चाक धरून तोंडाने आवाज काढीत मी मनातल्या मनात थेट हैदराबादपर्यंत जाऊन येत असे. पण दिव्याला मी हात लावला नव्हता. मी तसे सांगितले. मामा काहीच बोलले नाहीत. मात्र त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. विचार करता त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. मी येण्यापूर्वी गाडीने कधी त्रास दिला नव्हता. मी आलो आणि चौथ्याच दिवशी बॅटरी उतरली.

आता बॅटरी उतरते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. मोटारीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात आणि त्या सौम्य गंधकाम्लात बुडवलेल्या असतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये असा घट पहिल्यांदा तयार केला. असे सहा घट एकापुढे एक जोडले, की बारा व्होल्टची बॅटरी होते. तिच्यातून वीज घेऊ लागलो, की आम्लातील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो आणि आम्ल पातळ होत जाते. उलट तिच्यात वीज भरली, की तो अंश पुन्हा आम्लात उतरतो. हे येणेजाणे शेकडो वेळा होऊ शकते. पण बॅटरी पूर्ण रिकामी करून तशीच पडू दिली, तर पट्ट्यांवरचा थर कठीण होतो आणि मग तो सुटता सुटत नाही. म्हणून वरचेवर उतरणारी बॅटरी लवकर मरते. बॅटरीचा यात बहुधा काहीच दोष नसतो.

ही वीज मुख्यतः लागते ती इंजिन सुरू करण्यासाठी. पूर्वी मोटारीच्या नाकासमोर उभे राहून लोखंडी दांडा हाताने फिरवावा लागे आणि तो दांडा उलटा बसला, तर मनगट मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा 'सेल्फ' बसवण्यात आला आणि हा त्रास संपला. परंतु सेल्फ मोठा खादाड आहे. इंजिन फिरवताना तो शंभर अॅम्पिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह खेचतो. इंजिनातील ठिणगीला मात्र चारदोन अॅम्पिअर पुरतात. आमची गाडी किल्लीने सुरू झाली नाही, पण ढकलल्यावर झाली, याचे कारण हेच. सेल्फपुरती वीज संपली होती. ठिणगीपुरती उरली होती.

एकदा इंजिन सुरू झाले, की त्याच्या पट्ट्यावर फिरणारे अल्टरनेटर नावाचे यंत्र वीज निर्माण करते आणि बॅटरी पुन्हा भरते. त्याहून जुन्या गाड्यांत हे काम डायनॅमो करीत असे. मामांच्या गाडीलाही मूळचा डायनॅमो काढून पूर्वीच्या मालकाने अल्टरनेटर बसवून घेतला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

नळदुर्गला सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला एका वृद्ध मिस्त्रींचे गॅरेज होते. लहानथोर सगळे त्यांना 'चाचा' म्हणत. मामांनी निरोप पाठवताच ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. बॅटरी केव्हा बदलली? गणपतीच्या सुमारास. त्यानंतर कधी उतरली? नाही. गाडी रोज चालते का? रोज, पण दिवाळीत दवाखाना बंद असल्यामुळे तीन-चार दिवस ती जागची हलली नव्हती.

"हे बरे सांगितलेत, डॉक्टरसाहेब," चाचा म्हणाले. मामांच्या किंवा माझ्या ध्यानात तेव्हा काहीच आले नाही.

नंतर त्यांनी बॅटरी भरून घेतली, गाडीत बसवली आणि तिच्या ऋण टोकाची जाड तार सोडवून बाजूला केली. "आज रात्री आणि उद्या रात्री ही अशीच राहू द्या. परवा सकाळी तार जोडून गाडी सुरू करा आणि मला कळवा." एवढे सांगून ते निघून गेले. मला त्यांचा थोडा रागच आला. माझ्यावर आळ आलेला आणि हे दोन दिवस नुसते थांबायला सांगतात!

परंतु या थांबण्यात केवढी युक्ती होती, ते पाहा. रांजणातले पाणी रात्रीतून कमी होते, तेव्हा दोन शक्यता असतात. एक तर रांजणालाच तडा गेला असेल, नाही तर रांजणाला जोडलेली तोटी गळत असेल. तोटी काढून भोक घट्ट बंद केले आणि तरीही पाणी उतरले, तर दोष रांजणाचा. पाणी जसेच्या तसे राहिले, तर रांजण चांगला आहे. तिसऱ्या दिवशी तार जोडून मामांनी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. रांजण शाबूत होता. बॅटरी चांगली होती. तिला जोडलेल्या गाडीत कोठे तरी गळती होती. सोलापूरला जाऊन आणखी एक नवी बॅटरी घेण्याचा मामांचा बेत होता. तो खर्च या एका प्रयोगाने वाचला.

चाचा पुन्हा आले, ते हातात एक मीटर घेऊन. वीज एका टोकाकडून निघून दिवे, भोंगा, पंखा अशा उपकरणांतून जाते आणि गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत येते. या पूर्ण फेरीला मंडल म्हणतात. उपकरणे कितीही असोत, परतीची वाट एकच असते. ती म्हणजे ऋण टोकाची तार. ती तार सोडवून तिच्या व बॅटरीच्या मध्ये मीटर जोडला, की गाडीत कोठेही काही वीज पीत असेल, तर ती मीटरमधूनच जाणार. गावाच्या वेशीवर पहारेकरी बसवावा, तसेच हे आहे. कोणाच्या घरी कोण आला, हे त्याला कळत नाही. पण किती जण आत-बाहेर गेले, हे नक्की कळते. मात्र असा मीटर जोडलेला असताना किल्ली कधीही फिरवायची नसते. सेल्फचा प्रवाह मीटर क्षणात जाळून टाकतो.

किल्ली काढली. सर्व बटणे बंद केली. चाचांनी मीटर जोडला आणि आकडा पाहिला: ०.९१ अॅम्पिअर. मामांनी माझ्याकडे पाहिले. पण चाचांनी मला चालकाच्या बाजूचे दार दाखवले. ते उघडेच होते! दार उघडले, की आतला दिवा आपोआप लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दाराच्या चौकटीत एक छोटी खुंटी असते. दार लावले, की ती दाबली जाते आणि दिवा विझतो. मी दार लावले. आकडा उतरून ०.५१ झाला.

म्हणजे तो दिवा ०.४० अॅम्पिअर घेत होता. दिव्यावर पाच वॅट असे लिहिलेले होते. पाचाला बाराने भागा. उत्तर जवळजवळ तेवढेच येईल. आता खरी गोष्ट पुढे आली. दिवा विझलेला होता, दारे बंद होती, किल्ली मामांच्या खिशात होती, आणि तरीही अर्ध्या अॅम्पिअरहून किंचित अधिक वीज गाडीत कोठे तरी जात होती.

अर्धा अॅम्पिअर म्हणजे काही फार नाही, असे तुम्हाला वाटेल. म्हणून हिशोब करून पाहू. मामांची बॅटरी ४० अॅम्पिअर-तासांची होती. म्हणजे एक अॅम्पिअर प्रवाह तिने सुमारे ४० तास दिला असता. अर्धा अॅम्पिअर दिवसरात्र वाहिला, तर २४ तासांत १२ अॅम्पिअर-तास खर्च होतात. दोन दिवसांत २४ आणि तीन दिवसांत ३६. रांजणाचा तळ दिसू लागला! गाडी रोज चालत होती, तेव्हा रात्रीची गळती दिवसा भरून निघे आणि कोणाला पत्ताही लागत नसे. दिवाळीत गाडी तीन-चार दिवस उभी राहिली, तेव्हा चोरी उघडकीस आली; आणि नेमक्या त्याच दिवसांत मी आजोळी आलो होतो. चाचांना पहिल्या दिवशी जे 'बरे' वाटले होते, ते हे.

आता चोर कोणत्या घरात आहे, हे शोधायचे होते. गाडीतील तारांचे निरनिराळे गट केलेले असतात आणि बहुतेक गटांच्या तोंडाशी एकेक फ्यूज असतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की फ्यूजमधील पातळ पट्टी वितळते आणि तारा जळण्याचे संकट टळते. फ्यूज काढणे म्हणजे त्या गटाचे दार बंद करणे. चाचा एकेक फ्यूज काढू लागले आणि मी मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचू लागलो. पहिला फ्यूज: ०.५१. तो जागच्या जागी परत बसवला. दुसरा: ०.५१. तिसरा: ०.५१. चौथा काढला, तो आकडा ०.५० वर आला.

"सापडला!" मी ओरडलो. तो फ्यूज घड्याळाचा होता.

चाचा हसले. "बेटा, हिशोब कर."

मी मातीत काडीने हिशोब मांडला. घड्याळ घेत होते ०.०१ अॅम्पिअर. २४ तासांचे झाले ०.२४. ४० ला ०.२४ ने भागले, तेव्हा उत्तर १६६ दिवसांहून अधिक आले. नुसत्या घड्याळाला ही बॅटरी रिकामी करायला साडेपाच महिने लागले असते! घड्याळ वीज पीत होते, हे खरे. पण ते त्याचे कामच होते. तसे पाहिले तर आजच्या नव्या मोटारी बंद असतानाही थोडी वीज खातात. त्यांच्यातील छोट्या संगणकांना आणि कुलपांना ती लागते. ०.०५ अॅम्पिअरपर्यंतचा असा खर्च साधारणतः योग्य समजला जातो. अशा गाडीत दारे लावल्यावर आकडा स्थिर होण्यासाठी काही वेळ थांबावेही लागते. मामांच्या जुन्या गाडीत तर घड्याळाखेरीज जागे राहण्याचे कारण कोणालाच नव्हते.

उरलेले फ्यूज काढून झाले. आकडा ०.५१ वरून हलेना. माझा धीर सुटला. परंतु चाचांचा चेहरा मात्र उजळला. सगळ्या दारांना कुलपे लावली आणि तरीही चोर आत आहे. तर मग तो अशा वाटेने जात असला पाहिजे, जिला दारच नाही. जुन्या गाड्यांत अशा वाटा सहसा दोन-तीनच असतात. सेल्फकडे जाणारी जाड तार ही एक आणि अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणारी तार ही दुसरी. त्यांना फ्यूज नसतो.

सकाळची वेळ होती आणि हवेत चांगलाच गारवा होता. चाचांनी माझा हात धरून इंजिनाच्या लोखंडावर ठेवला. ते गार होते. मग त्यांनी तोच हात अल्टरनेटरवर ठेवला. ते कोमट होते! गाडी आदल्या संध्याकाळपासून बंद होती. रात्रभर थंडीत उभ्या राहिलेल्या गाडीचा एकच अवयव कोमट का असावा? ज्यातून वीज वाहते, ते तापते. बारा व्होल्ट आणि अर्धा अॅम्पिअर म्हणजे सहा वॅट. एखाद्या लहान दिव्याइतकी ऊब तेथे रात्रभर निर्माण होत होती.

तरी चाचा नुसत्या हाताच्या साक्षीवर थांबले नाहीत. त्यांनी आधी बॅटरीची तार पूर्ण सोडवली; कारण अल्टरनेटरच्या तारेत सतत वीज असते आणि पान्हा चुकून लोखंडाला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. मग अल्टरनेटरची तार काढून तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि मीटर पुन्हा जोडला. मी वाकून आकडा वाचला: ०.०१.

तेवढे एकटे घड्याळच उरले होते.

अल्टरनेटर वीज निर्माण करतो, मग तो ती पीत कसा होता? तुम्ही विहिरीवरचा पंप पाहिला असेल. त्याच्या पाण्यात सोडलेल्या नळाच्या टोकाशी एक झडप असते. तिला फूटव्हॉल्व्ह म्हणतात. पाणी वर येताना ती उघडते. पंप थांबला, की ती मिटते आणि नळातले पाणी विहिरीत परत पडू देत नाही. त्या झडपेत खडा अडकला, तर रात्रीतून नळ रिकामा होतो आणि सकाळी पंप पाणी उचलत नाही. आमच्या भागातील शेतकऱ्यांना हा अनुभव चांगला ठाऊक आहे. अल्टरनेटरमध्येही अशाच झडपा असतात. त्यांना डायोड म्हणतात. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटरमधील वीज त्यांच्यातून बॅटरीकडे येते. इंजिन थांबले, की बॅटरीतील वीज उलट जाऊ पाहते, पण डायोड तिला अडवतो. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत हे काम कटआउट नावाची पेटी करीत असे. मामांच्या गाडीतील डायोड बिघडून झिरपू लागले होते.

"डॉक्टरसाहेब," चाचांनी विचारले, "बॅटरी बदलताना तारा कधी उलट्या लागल्या होत्या का? डायोडला ते सोसत नाही."

मामा क्षणभर गप्प राहिले. गणपतीच्या दिवसांत त्यांनी नवी बॅटरी स्वतःच बसवली होती. रात्री, कंदिलाच्या उजेडात, घाईघाईने. पहिल्यांदा तार टेकवली, तेव्हा मोठी ठिणगी उडाली होती. मग त्यांनी तारांची अदलाबदल केली होती. हे सगळे त्यांनी सांगितले आणि चष्मा काढून तो बराच वेळ पुसत बसले.

मुलांनो, तुम्हाला हा शोध करून पाहावासा वाटेल. पण मोटारीच्या बॅटरीला मोठ्या माणसावाचून हात लावू नका. तिच्यातील आम्ल कातडी आणि डोळे जाळते. ती भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. त्याच्याजवळ काडी ओढली, तर भडका उडतो. तिच्या दोन टोकांवर एकाच वेळी लोखंडी पान्हा पडला, तर तो लालबुंद होऊ शकतो. विजेरीचे सेल, एक बारीक दिवा आणि दोन तारा घेऊन मात्र मंडल कसे जुळते आणि कसे तुटते, ते घरी खुशाल पाहा.

डायोडची नवी चकती सोलापूरहून यायला चार दिवस लागले. तोवर गाडी रोज वापरायची आणि रात्री बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवायची, असे चाचांनी सांगितले होते. मामांनी ते काम मला दिले. रात्री जेवणे झाली, की मी विजेरी आणि दहा नंबरचा पान्हा घेऊन अंगणात जाई. मामा दिवा धरून शेजारी उभे राहत आणि मी तार सोडवी. तिसऱ्या रात्री पुन्हा दारावर थाप पडली. एका म्हाताऱ्यांच्या छातीत दुखत होते. मामा पेटी घेऊन बाहेर येईपर्यंत मी तार जोडून बॉनेट खाली केले होते. मामांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झाले. त्यांनी पलीकडचे दार आतून उघडले आणि म्हणाले, "बस पुढे. सोलापूरपर्यंत चल माझ्याबरोबर."